भरले 4,28,000 येन, आणि कागदावर 'फ्रेट कलेक्ट'

नोकरी बदलून टोकियोच्या निशी-कासाईतून ओहायोतल्या कोलंबसला आलो. घरसामान 5 घनमीटर. एवढ्याला अख्खा कंटेनर लागत नाही; दुसऱ्यांच्या मालाबरोबर योकोहामा ते लाँग बीच बोटीने, पुढे रेल्वे, शेवटी ट्रक. आपल्याच लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एजंटने 'घरपोच, सगळं धरून' 3,86,000 येन सांगितले. वर 'कस्टम ड्युटी' 42,000. परदेशात वर्षभर वापरलेल्या घरसामानावर अमेरिकेत ड्युटी लागत नाही, 3299 नंबरचा फॉर्म भरायचा असतो. कुणी मागितली तर तिथेच फोन ठेवा.

पैसे पाठवताना बँकेच्या ॲपवर खातेदाराचं नाव काताकाना या जपानी लिपीत आलं. कंपनीचं नाही, कुणा माणसाचं. आणि मला काताकाना नीट वाचता येतं! विचारलं, तर म्हणे कंपनीचं खातं ऑडिटमुळे बंद आहे. उद्या ट्रक दारात, परवा घराची किल्ली परत द्यायची, बायको-मुलगी आधीच अमेरिकेत. अशा वेळी दुसऱ्या कुणी काय वेगळं केलं असतं, सांगा. ज्याच्या नावाचं कोटेशन, त्याच्याच नावाचं खातं. नसेल तर ट्रक परत पाठवा.

बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल बोटीवर चढवल्याचा कागद, आलं तेव्हा त्यावर 'फ्रेट कलेक्ट'. म्हणजे भाडं माल घेणाऱ्याने भरायचं. भामट्याने माझे पैसे गिळले आणि माल दुसऱ्या, खऱ्या कंपनीकडे उधारीवर चढवला. आधी पैसे दिले असतील तर तिथे 'फ्रेट प्रीपेड'च हवं. कोलंबसच्या गोदामाने 2,640 डॉलर मागितले, वर साठवणुकीचे 385. त्यांना तरी काय बोलणार, त्यांच्या हातात दमडी पडली नव्हती. भरले.

जपानचे पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला, वकील गाठा. इथले म्हणाले, पैसे जपानात गेले, तिकडे सांगा. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. एका सरकारी कचेरीने लांबलचक फॉर्म भरून घेतला, केस नंबर दिला आणि महिन्याभराने कळवलं, 'संबंधित कंपनीशी थेट संपर्क साधावा.' अहो, तो फोन उचलत असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? नंबर तेवढा वाटत बसा!

अमेरिकेत सागरी मालवाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल मेरिटाइम कमिशनच्या साइटवर परवानाधारक आणि नोंदणीकृत कंपन्यांची यादी फुकट दिसते. नोंदणीकृत परदेशी कंपनीला 1,50,000 डॉलरचा बॉन्ड (आर्थिक हमी) ठेवावा लागतो. हा माणूस त्या यादीत नव्हताच. पण यादी आहे, हे आधी सांगतो कोण?

त्याची जाहिरात त्याच ग्रुपवर अजून चालू आहे. ॲडमिनला कळवलं, तर मलाच म्हणाला, पुरावा द्या.