नमुना हातमागाचा, गठ्ठा यंत्रमागाचा

नोकरी सोडून हातमागाच्या वॉल हँगिंगचा, म्हणजे भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांचा धंदा करायला सोलापुरात येणाऱ्यांना गंडवायची रीत ठरलेली आहे. पूर्व भागातल्या एखाद्या खऱ्या विणकराच्या मागावर नेतात, धोट्याचा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाचा, खटखटाट ऐकवतात आणि तिथलाच अस्सल नग नमुना म्हणून हातात ठेवतात. पीएफचे पैसे नुकतेच हाती आलेले असतात. माणूस 70 टक्के आगाऊ देऊन मोकळा होतो. पंधरा दिवसांत 200 नगांचा गठ्ठा येतो. वरचे दहा-बारा नग खरे, खालचे यंत्रमागाचे, कधी कधी तर नुसते छापील.

खरं तर पंधरा दिवस म्हटल्यावरच कान टवकारायला हवेत. मागासमोर बसा आणि तासाला किती इंच विणून होतं ते मोजा. समजा 4 इंच झालं, तर 8 तासांत 32 इंच, म्हणजे 30 इंची नग दिवसाला जेमतेम एक. तीन मागांवर 200 नगांना 67 दिवस, तेही धागा तुटणं, ताणा (मागावरचे उभे धागे) संपणं न धरता.

गठ्ठा फोडला की तळाचा नग आधी काढा. छापील चित्राचा रंग पाठीमागून फिका दिसतो. काठाला आडव्या धाग्याच्या कापलेल्या टोकांची झालर असेल तर माल बिनधोट्याच्या यंत्रावरचा. मात्र काठ सलग आहे म्हणून हुरळू नका, जुने यंत्रमागही धोट्यावरच चालतात. एक धागा उपसून जाळा. सूत असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. चादरी वजनावर घेत असाल तर एक धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा तोला. घटलेल्या वजनात बरीचशी खळ असते.

सोलापुरी चादरीचं भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) पुढे करतात, तेव्हा एवढं लक्षात ठेवा की इथल्या बहुतेक चादरी यंत्रमागावरच निघतात. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त दर हातमागाचा लावू नये.

विक्रेत्याचा जीएसटी नंबर जीएसटी पोर्टलवर तपासा: 15 अक्षरी, सुरुवात 27 (महाराष्ट्राचा क्रमांक), पुढची दहा अक्षरं पॅनची. नोंदणी रद्द झालेली दिसली तर तिथेच थांबा. नमुन्यावर दोघांच्या सह्या घ्या. बिलावर ‘हातमागावर विणलेले’, धागा आणि माप लिहून घ्या. ‘वॉल हँगिंग, 200 नग’ एवढंच लिहिलेलं असेल, तर कागदोपत्री विक्रेत्यानं 200 नग दिलेलेच आहेत. शिवाय पुन्हा विकायला घेतलेल्या मालासाठी 2019 चा ग्राहक कायदा तुम्हाला ग्राहक मानत नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाचं दारही बंद.