अबू धाबी की मस्कत: कोणती भव्य मशीद पाहावी?

आखातात चार-पाच दिवसांसाठी जाणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. अबू धाबीची शेख झायेद मशीद पाहायची की मस्कतची सुलतान काबूस मशीद? व्हिसा वेगळा, विमान वेगळं, त्यामुळे बहुतेकांना एकच जमते. माझं मत आधीच सांगते: आकार मोजत बसू नका, तुमच्या हातात दिवसाची कोणती वेळ आहे ते पाहा.

मस्कतची मशीद मुस्लिमेतर पर्यटकांसाठी शनिवार ते गुरुवार सकाळी 8 ते 11 एवढाच वेळ उघडी असते. शुक्रवारी बंद. म्हणजे रात्री उशिराच्या विमानाने पोचून दुसऱ्या दिवशी दहापर्यंत झोपलात, की संपलं. अबू धाबीत मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत जाता येतं. शुक्रवारी दुपारच्या नमाजासाठी पर्यटकांचा प्रवेश मधेच थांबतो, एवढंच. प्रवेश मोफत, पण ऑनलाइन नोंदणी करावी लागते. दुबईहून सुमारे दीड तासाचा रस्ता आहे, त्यामुळे दुबईला उतरलेल्या माणसाने ती चुकवू नये. आणि जायचं तर सूर्यास्ताच्या तासभर आधी. पांढरा संगमरवर, 82 घुमट, भोवतीचे पाण्याचे तलाव यांचा रंग उजेडाबरोबर बदलत जातो. रात्रीची प्रकाशयोजना तर चंद्राच्या कलेप्रमाणे बदलते. तिथल्या खांबांकडे जवळून नक्की पाहा. ताजमहालावर असतं तसं रंगीत दगडांचं जडावकाम आहे, वेली-फुलांचं.

पण अबू धाबीत दोऱ्या लावलेल्या वाटेने सगळ्यांबरोबर पुढे सरकावं लागतं. एका जागी उभं राहून बघत बसण्याची मुभा कमी आणि फोटोंसाठीची गर्दी भरपूर. फोटोसाठी मिठी मारलीत किंवा बोटांनी खुणा केल्यात तर कर्मचारी लगेच थांबवतात, आणि ते योग्यच आहे, ते प्रार्थनास्थळ आहे.

कारागिरी निवांत पाहायची असेल तर मस्कत. 2001 मध्ये उघडलेली ही मशीद भारतातून नेलेल्या वालुकाश्मात बांधली आहे. बाहेरच्या लांबलचक ओवऱ्यांमधल्या कोनाड्यांत वेगवेगळ्या इस्लामी प्रदेशांच्या शैलींतलं नक्षीकाम आहे. त्यात मुघल धाटणीही ओळखू येते. एकेका कोनाड्यापाशी थांबत गेलात तर तासभर सहज जातो. मुख्य दालनातला गालिचा साधारण 70 मीटर लांब, 60 मीटर रुंद, 21 टनांचा, आणि त्यात सुमारे 170 कोटी गाठी आहेत. इराणातल्या खुरासानच्या विणकर स्त्रियांनी तो हाताने विणला. अबू धाबीतला गालिचाही इराणीच आणि याहून मोठा. त्यात नमाजाच्या रांगा (सफी) सरळ राहाव्यात म्हणून किंचित उंच रेषा ठेवल्या आहेत, त्या नीट पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. तरी मला मस्कतचाच जास्त आवडतो. त्याचे रंग दालनात मिसळून गेले आहेत.

कपड्यांचे नियम दोन्हीकडे कडक. लांब बाह्यांचा सैल सलवार-कमीज आणि डोक्यावरून घट्ट बसेल अशी ओढणी, एवढं पुरतं. साडी नेसलीत तर पोट आणि दंड उघडे राहतात, अडवतील. लेगिंग्ज नकोत. पुरुषांनी पूर्ण लांबीची पँट घालावी, बर्मुडा चालत नाही.

आई-वडील बरोबर असतील तर अबू धाबी सोपी. प्रवेशापासून मशिदीपर्यंतचं अंतर बरंच आहे, पण सरकते मार्ग आहेत आणि ज्येष्ठांसाठी बग्गीही मिळते. लहान मुलं असतील तर मस्कतला जाण्याआधी वयाचा नियम नीट विचारून घ्या, कारण मुख्य दालनात छोट्यांना सोडत नाहीत. रमजानात दोन्हीकडच्या वेळा बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या पाहून घ्या.