झेनोडोची कुलूपबंद पेटी: खाण कामगारांच्या मुलाखती ठेवाव्यात का?

गोव्यातल्या डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यातल्या मुलाखती, पेडण्याच्या रापणकारांची (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची) नोंद, असला डेटा उघड्यावर टाकता येत नाही आणि पेनड्राइव्हवर कुजवणंही बरं नाही. सर्न ही युरोपातली अणुसंशोधन संस्था चालवत असलेलं झेनोडो (2013 पासून), म्हणजे संशोधनाचा डेटा ठेवायचं ऑनलाइन भांडार, इथे बऱ्यापैकी कामाला येतं. फुकट, डीओआय (नोंदीचा कायमचा ओळखक्रमांक) लगेच, एका नोंदीला 50 जीबी.

फाइल्स 'रिस्ट्रिक्टेड' (बंद) केल्या तरी शीर्षक नि वर्णन सगळ्या जगाला दिसतं. त्यामुळे वर्णनात वाड्याचं (गावातल्या वस्तीचं) नाव लिहिलं की संपलंच. गोव्यात वाडा, वय आणि धंदा एवढ्यावर माणूस ओळखता येतो. प्रकाशनानंतर 'शेअर'मध्ये जाऊन विनंत्या स्वीकारण्याची सोय सुरू करा, अटी तिथेच लिहा, प्रवेशाची मुदतही घाला. नाही तर कुलूप लागतं, पण दार ठोठवायची सोय राहत नाही. 'एम्बार्गो' मात्र वेगळा: तारीख आली की फाइल्स आपोआप उघड्या. संवेदनशील डेटाला तो नकोच.

खरी अडचण म्हणजे कुलूप नोंदीतल्या सगळ्या फाइल्सना एकदम लागतं. प्रश्नावली खुली आणि उत्तरं बंद हवी असतील तर दोन नोंदी करून एकमेकींना जोडाव्या लागतात. हार्वर्ड डेटाव्हर्स या तसल्याच भांडारात फाइलवार कुलूप मिळतं, पण बंद फाइलचं नावही दिसतं, म्हणून 'सावंत_मुलाखत' असलं नाव देऊ नका.

संमतिपत्रावर 'डेटा परदेशी सर्व्हरवर राहील' हे वाक्य नसेल तर झेनोडो नि डेटाव्हर्स दोन्ही बाद. नावांची यादी तर कुठेच चढवू नये.