मराठी शाळेतले इंग्रजी शब्द: ‘सायमन सेज’ की बिंगो?
गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या मराठी प्राथमिक शाळांत पहिली-दुसरीला इंग्रजी शब्द शिकवायला मी निःसंशय ‘सायमन सेज’ निवडेन; म्हणजे आज्ञेआधी ‘सायमन सेज’ म्हटलं तरच ती कृती करायची, असा खेळ. ‘टच युवर नोज’ ऐकून मूल बोलायच्या आधीच कृतीतून अर्थ पकडतं; अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. खर्चही शून्य. फक्त चुकलेल्याला बाद करू नका, सरावाची गरज त्यालाच जास्त असते!

पण ‘जंप’ करून दाखवता येतं, ‘कॅश्यू’ किंवा ‘कोकोनट’ कसं दाखवणार? तिथे बिंगो बरा, म्हणजे उच्चारलेल्या शब्दांवर खुणा करत आपली ओळ आधी पूर्ण करायचा खेळ. नऊ चौकोनांत मुलांनी चित्रं काढायची, बाईंनी शब्द उच्चारला की त्यावर चिंचोका ठेवायचा. तिसरीपासून चित्रांऐवजी स्पेलिंग लिहून घ्या आणि जिंकणाऱ्याने आपले शब्द मोठ्याने वाचले, तरच बिंगो धरा.