विणायच्या बदामाचे किट : लोकर छान, सुया बदला

दोन सुयांवर नुकतेच विणायला लागलेल्यांसाठी हे किट आहे. डब्यात डीके (डबल निटिंग, ना फार बारीक ना फार जाड) जाडीच्या ॲक्रिलिक लोकरीचा 50 ग्रॅमचा गुंडा, 4 मिमीच्या सुया, 15 ग्रॅम पॉलिएस्टर फायबर, शिवायची बोथट सुई, रिबन आणि कृतीचा कागद मिळतो. त्यातून भिंतीवर अडकवायचा भरीव बदाम, म्हणजे पत्त्यांतल्या बदामासारखा हृदयाचा आकार, तयार होतो.

मोठा दोष सुयांचा. या लोकरीला 4 मिमी सुई स्वेटरसाठी योग्य, कारण अंगावरचे कापड मऊ आणि सैल पडायला हवे. भरायच्या वस्तूचे तसे नसते. आत फायबर गेले की टाके ताणले जातात, फटी उघडतात आणि आतला पांढरा रंग डोकावतो; गडद लोकरीत तर तो लगेच दिसतो. 3 मिमीच्या सुया घ्या. बदाम कागदावरच्या 14 सेमीऐवजी साधारण 12 सेमी रुंद होईल, पण वीण घट्ट बसेल.

कृती मात्र विचारपूर्वक लिहिली आहे. 3 टाके घालायचे, सगळ्या ओळी सुलट विणायच्या, एक ओळ सोडून दोन्ही कडांना एकेक टाका वाढवत 31 पर्यंत जायचे. मग 10 साध्या ओळी. पुढे मधला टाका बंद करून 15-15 चे दोन भाग. प्रत्येकात एक ओळ सोडून दोन्ही टोकांना दोन टाके एकत्र, 5 उरले की बंद. असे दोन तुकडे. सगळ्या ओळी सुलट असल्या की एका टाक्याची रुंदी जवळपास दोन ओळींच्या उंचीएवढी भरते, म्हणून खालचे टोक नेमके काटकोनात येते आणि कडा वळत नाहीत. एक ओळ सुलट, एक उलट विणली तर कडा गुंडाळतात आणि टोक लांबुळके होते.

कागदात दोन गोष्टी राहून गेल्या आहेत. वाढ अगदी कडेच्या टाक्यात केली तर कड दातेरी होते आणि शिवण वाकडी जाते. एक टाका विणून मग वाढवावा, शेवटीही एक टाका राखून. दुसरे, वरच्या खाचेत नवा धागा जोडताना तिथे भोक पडते. धाग्याचे 20 सेमी शेपूट सोडा, त्यानेच भोक आवळता येते.

शिवताना दोन्ही तुकड्यांच्या कडेचे उंचवटे एकास एक जुळवा. सरळ बाजूला 4 सेमी उघडे ठेवा. फायबर बोटांनी मोकळे करून चिमूटभर चिमूटभर भरा, आधी टोकात, मग दोन्ही फुगवट्यांत, शेवटी मध्यभागी. एकदम गोळा कोंबला तर गाठ होते आणि ती बाहेरून दिसते. 15 ग्रॅम एकाच बदामाला पुरते. लोकर मात्र आणखी एका बदामाला सहज उरते. जादा फायबर घेऊन ठेवा, पण त्याजागी कापूस नको, तो ओला झाला की गोळे धरतो.

रिबन एका टाक्यात बांधायला सांगितली आहे. तो टाका वजनाने ओढला जाऊन लांबतो. खाचेत दोन्ही थरांतून तीन-चार वेळा सुई घालून ती पक्की शिवा. आणि आकार नीट बसवायला इस्त्री फिरवू नका. ॲक्रिलिक उष्णतेने कायमचे लुळे पडते.