इनस्क्रिप्ट की फोनेटिक? कोल्हापूरला आल्यावर लॅपटॉपवरच्या मराठीसाठी काय घेतलं आणि का

पुण्यात होतो तोपर्यंत लॅपटॉपवर मराठी लिहायची वेळ फारशी यायचीच नाही, ऑफिसचं सगळं इंग्रजीत आणि घरचं सगळं फोनवर. मग रिमोट काम मिळालं, राजारामपुरीत भाड्यानं फ्लॅट घेतला आणि त्याच सुमारास विंडोज सोडून लिनक्सवर आलो, म्हणजे गाव नवीन आणि सिस्टीमही नवीन. आणि इथं एकदा का लोकांना कळलं की हा माणूस कॉम्प्युटरमधला आहे, की संपलं. तालमीच्या वर्गणीचं पत्रक, मावसभावाच्या गुऱ्हाळाचं लेबल, अपार्टमेंटची पाण्याची नोटीस, सगळं आपल्याच टेबलावर. "तू टाईप कर की, तुला काय, पाच मिनिटाचं काम." पाच मिनिटाचं काम पाच मिनिटात व्हावं म्हणून कीबोर्डचा विषय एकदाचा नीट बघितला. तुम्हीपण याच फाट्यावर उभे असाल तर माझं काय झालं ते सांगतो, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

युनिकोड (अक्षरांना ठरलेले नंबर देणारी पद्धत) म्हणजे काय, आयबस (लिनक्सवर टायपिंगची भाषा बदलून देणारं सॉफ्टवेअर) कसं टाकायचं वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतं असं धरून चालतोय.

आधी फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून उच्चारानुसार मराठी उमटवायचं. हे म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक म्हणजे नियमावर चालणारं, आयट्रान्स, गमभन वगैरे, लिनक्सवर एम१७एन नावाच्या, बऱ्याच भाषांचं टायपिंग देणाऱ्या पॅकेजमध्ये हे मिळून जातं. यात इंग्रजी अक्षराला मराठी अक्षर ठरलेलं असतं, तुम्ही जे दाबाल तेच उमटणार. दुसरं म्हणजे अंदाज लावणारं, तुम्ही इंग्रजीत वाटेल तसं लिहा, ते खाली चार शब्द दाखवणार आणि तुम्ही त्यातला एक उचलायचा. फोनवर बहुतेकांना दुसऱ्याचीच सवय असते आणि तिथं ते खरंच भारी चालतं, मी स्वतः फोनवर अजून तेच वापरतो.

दोन्हीचा मोठा फायदा एकच, शिकायला काही नाही. पहिल्या दिवशी पहिल्या मिनिटाला लिहायला सुरुवात. आणि हा फायदा लहान नाही. वर्षातनं दोनदा मराठी लिहिणाऱ्या माणसाला मी कधीच इनस्क्रिप्ट शिक म्हणणार नाही.

इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक कीवर मराठी अक्षर ठरवून दिलेलं सरकारी लेआउट, हे त्यामानानं जुनं खोड. १९८६ च्या आसपास केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं आणलं, पुढं १९९१ च्या इस्की मानकात (भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर साठवायचं मानक) ते गेलं, आणि आता ते विंडोजपासून लिनक्सपर्यंत कुठंही आयतं सापडतं, लिनक्सवर तर त्याची वाढवलेली, एन्हान्स्ड आवृत्तीही. डावीकडं स्वर आणि मात्रा, उजवीकडं व्यंजनं. डाव्या हाताच्या घरच्या ओळीत (बोटं टेकवून ठेवायची मधली ओळ) ओ, ए, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), पहिली वेलांटी, पहिला उकार. उजव्या हाताला प र क त च ट. महाप्राण, म्हणजे ख घ फ सारखं अक्षर, हवा तर बहुतेक ठिकाणी तीच की शिफ्ट धरून, म्हणजे क च्या डोक्यावर ख, ग वर घ, प वर फ. मराठीत व्यंजन-मात्रा-व्यंजन-मात्रा असं चालतं त्यामुळं हात आपोआप आलटून पालटून पडतात, आणि ही लय एकदा लागली की मजा येते, तोवर मात्र नाही. तालमीत नवीन पोरगं आलं की सुरुवातीला नुसतं अंगच दुखतं, तसला प्रकार आहे.

अजून एक गोष्ट, जी मला इथं आल्यावरच कामाची वाटली. हे लेआउट सगळ्या भारतीय लिप्यांना जवळपास एकच आहे. शेजारचे काका निपाणीकडचे, त्यांना कन्नड लिहायचं असतं, त्यांच्या कन्नडमधला क आणि माझ्या मराठीतला क एकाच कीवर. सीमेच्या इतक्या जवळ राहिल्यावर याचा उपयोग कधी ना कधी होतोच.

आता मुद्द्याची गोष्ट. मला फोनेटिकवरनं हलवलं ते एका अक्षरानं, ळ नं.

कोल्हापुरात ळ शिवाय तुमचं पान हलत नाही. रंकाळा, पन्हाळा, कळंबा, शिरोळ, मंगळवार पेठ, गूळ, गुऱ्हाळ, तालमीचे खेळाडू. मी सवयीनं अंदाजवालं फोनेटिक लावलं होतं आणि रंकाळा लिहायला गेलं की पहिला शब्द रंकाला. पन्हाला. शिरोल. खाली यादीत बरोबरचा शब्द असतो, नाही असं नाही, पण तो दुसरा की तिसरा हे बघायला नजर खाली न्यायची, नंबर दाबायचा, परत वर यायचं. आणि एक दोनदा निवडल्यावर टूल शिकतं म्हणतात, शिकतंही, पण त्याचं शिकलेलं सगळं जुन्या मशीनवर आणि जुन्या गावाचं. त्याला कोथरूड आणि हिंजवडी झोपेत येत होतं, इथलं काहीच नाही. गाव बदललं की हे टूल परत पहिलीत जाऊन बसतं.

तेही चाललं असतं. रंकाला दिसला तर निदान डोळ्याला खुपतो तरी. खरी पंचाईत होते ती दोन्ही शब्द बरोबर असतात तिथं. वेळ आणि वेल. काळ आणि काल. मूळ आणि मूल. नळ आणि नल. "पाणी सोडायची वेल सकाळी सहा" अशी नोटीस जिन्यात लागली की पुढचे आठ दिवस चहाच्या टपरीवर तुमचंच नाव. स्पेलचेक इथं कामाला येत नाही कारण त्याच्या लेखी वेल बरोबरच आहे, भिंतीवर चढते ती. मग करायचं काय, तर लिहिलेला प्रत्येक शब्द परत वाचायचा. म्हणजे टायपिंगचा वेग कितीही असू दे, तपासण्यात तो सगळा परत जातो. मला हा त्रास बोटांना झाला नाही, डोक्याला झाला, कारण वाक्य काय लिहायचंय याचा विचार तुटतो आणि यादीतला कुठला नंबर हा विचार सुरू होतो.

इनस्क्रिप्टमध्ये ल हा एन वर आणि ळ हा शिफ्ट एन वर. बास. विचारायचं नाही, अंदाज नाही, यादी नाही. बोटाला ळ माहीत झाला की तो दर वेळी ळच येतो आणि नजर वाक्यावर राहते. कोल्हापूर लिहायला नऊ दाब लागतात आणि त्यात शिफ्ट एकदाही नाही. आणि गुऱ्हाळ, जो माझ्यासाठी कुठल्याही मराठी कीबोर्डची परीक्षा घेणारा शब्द आहे, तो ग, उकार, शिफ्ट जे चा ऱ, हलन्त, ह, काना, ळ असा सरळ सात दाबात उतरतो. मावसभावाला लेबलवर हाच शब्द पाहिजे होता, कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून लेबलच्या बाबतीत तो फार बारीक झालाय, आणि बरोबरच आहे त्याचं.

नियमवालं फोनेटिक इथं काही सोडवत नाही का? सोडवतं, अर्धं. आयट्रान्समध्ये कॅपिटल एल दिला की ळ येतो, ठरलेला. पण मग शेवटचा इंग्रजी ए (a) दिला नाही तर कोल्हापूर् असं पायमोडकं र् पदरात पडतं, आणि ज्ञ, ऱ्ह, ॲ साठी काय दाबायचं ते प्रत्येक स्कीमचं, म्हणजे नियमांच्या संचाचं, वेगळं. एका संस्थळावर बसलेली सवय दुसरीकडं नडते. शिवाय मराठी शब्दाचं आधी मनात इंग्रजी स्पेलिंग करायचं आणि मग ते टाईप करायचं हा वळसा राहतोच, कदाचित तुम्हाला तो जाणवत नसेल, मला जाणवायला लागल्यावर सहनच होईना. बाकी ज्यांचा हात गमभनवर बसलाय त्यांनी हलू नये असंच माझं मत.

आता इनस्क्रिप्टला शिव्या द्यायची पाळी, नाहीतर म्हणाल हा त्यांचा एजंट आहे.

प्रश्नचिन्ह. जिथं ते सवयीनं शोधाल तिथं य चा एक नुक्तावाला (खाली टिंब असलेला) भाऊ बसलाय, तो मराठीत कुणाला लागत नाही. मग उजव्या ऑल्टची कसरत करा नाहीतर इंग्रजीत उडी मारून परत या. अवतरणचिन्हांचीही तीच गत, त्यांच्या जागी ट आणि ठ. ण हा न च्या वर असेल असं वाटतं तर तो म च्या वर. सुरुवातीला या गोष्टींनी डोकं फिरतं. आणि भाषा बदलायची विसरलात तर टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायच्या खिडकीत) गंमत, सुडो ही कमांड लिहायला जावं तर 'ेह्द' असलं काहीतरी, आणि एलएस दाबलं की उमटतं 'ते', मग टर्मिनल म्हणणार 'ते' नावाची कमांड सापडली नाही. यावर एक उपाय आहे, ग्नोमच्या (लिनक्सच्या एका डेस्कटॉपच्या) कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक विंडोला वेगळी भाषा लक्षात ठेवायचा पर्याय असतो, तो चालू करा. टर्मिनल इंग्रजीत राहतं, रायटर (कागदपत्रं लिहायचं ॲप) मराठीत, भांडण मिटलं.

स्टिकर लावू नका. राजारामपुरीत कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतील, पण स्टिकर लावला की माणूस कीबोर्डकडं बघत बसतो आणि सगळा फायदाच जातो. लेआउटचं चित्र प्रिंट करून स्क्रीनच्या मागं भिंतीला चिकटवा, मान वर राहते.

एक बारकी गोष्ट, टेक्निकल लोकांसाठी. ॲप मधला ॲ हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधीची सवय असलेले लोक आणि काही जुनी लेआउट अजून अ वर चंद्र चढवून तो बनवतात. दिसायला एकसारखं, आतून वेगळं, त्यामुळं फाइलमध्ये ॲप शोधलं तर अर्धे सापडतात आणि अर्धे नाहीत. ऱ्ह, ऱ्य चंही तसंच, एक पद्धत ऱ आणि हलन्तची, दुसरी साध्या र ला हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारी जोडखूण) लावायची. फोनेटिक टूल आतून यातलं कुठलं वापरतं ते वरून कळत नाही, इनस्क्रिप्टमध्ये आपणच दाबतो म्हणून माहीत असतं. वर्गणीदारांची यादी शीटमध्ये ठेवून त्यात शोधायचं असेल तर हे नडतं, नुसतं पत्रक छापायचं असेल तर विसरून जा.

रेमिंग्टनचं, म्हणजे जुन्या टाईपरायटरच्या लेआउटचं, विचाराल तर ज्यांना टाईपरायटर येतो त्यांच्यासाठी ते उत्तम, प्रेसवाल्यांची बोटं त्यावर अशी पळतात की बघत राहावं. पण आता नव्यानं शिकायला मला त्यात काही कारण दिसलं नाही.

मग काय घ्यायचं? घरातली मोठी माणसं, अधूनमधून लिहिणारे, ज्यांचं निम्मं लिखाण इंग्रजी मिसळून चालतं, त्यांनी अंदाजवालं फोनेटिक खुशाल वापरावं, फक्त ळ वर डोळा ठेवावा. संस्थळांवर वर्षानुवर्षं लिहीत आलेल्यांनी आपली स्कीम धरून राहावं. आणि आठवड्याला पान-दोन पान मराठी लिहावं लागणार असेल, गाव कोल्हापूर असेल किंवा नसेल, तर मी तरी इनस्क्रिप्टकडं जरा जास्त झुकेन. काम अडलेलं नसताना सुरू करा एवढंच, गणपतीच्या तोंडावर पत्रक द्यायचंय आणि आजच शिकायला बसलो असं करू नका, त्या दिवशी फोनेटिकच उघडा.

लिनक्सवर लेआउट निवडताना यादीत मराठीच्या नावाखाली कगप नावाचं एक फोनेटिक लेआउटही दिसेल, ते वेगळं. तुम्हाला हवं ते एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट. हिंदीचं इनस्क्रिप्ट घेतलं तरी बरंचसं चालतं, पण मराठीचंच घ्या, ॲ सारखी अक्षरं मराठीचा विचार करून ठेवलेली असतात.