त्सुरेकीसाठी सोनेरी पाकिटातलं यीस्ट: सॅफ-इन्स्टंट गोल्डची पारख

पीठ चार तास ठेवलं तरी जेमतेम दीडपट होतं. कंटाळून वेणी घातली की ओव्हनमध्ये बाजूच्या शिवणी फाटतात, आणि कापल्यावर दोरे सुटायच्या ऐवजी केकसारखा भुगा पडतो. घरी त्सुरेकी करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. दोष मैद्यावर नाहीतर मळणाऱ्या हातांवर जातो, पण पुष्कळदा गोची यीस्टच्या पाकिटात असते.

त्सुरेकी हा ग्रीसमधला ईस्टरचा ब्रेड: तिपेडी वेणी, वर बलकाची तकाकी आणि पेडांत खोचलेलं लाल रंगाचं उकडलेलं अंडं. ईस्टरआधीच्या लांब उपासात अंडी, दूध, लोणी वर्ज्य असतं, आणि ते सगळं या ब्रेडमध्ये एकदम परत येतं. अंडी रंगवायचा दिवस पवित्र गुरुवार, आणि बऱ्याच घरांत त्सुरेकीही त्याच दिवशी भाजतात. म्हणजे हाताशी दिवस एकच. पीठ रुसलं तर पुन्हा करायला सवड नसते, म्हणूनच यीस्टची निवड इथे महत्त्वाची.

आता प्रमाण बघा. ५०० ग्रॅम मैद्याला १३० ग्रॅम साखर, म्हणजे मैद्याच्या २६ टक्के. साधं इन्स्टंट यीस्ट साधारण १० टक्क्यांपर्यंत साखर निभावून नेतं, त्यापुढे ते मंदावतं. साखर पाणी ओढून घेते, यीस्टच्या पेशीतलंसुद्धा. पेशी कोरडी पडायला लागली की तिची ताकद जीव वाचवण्यात जाते आणि वायू कमी सुटतो. गोड पिठासाठी निवडलेल्या जातीच्या यीस्टमध्ये दोन गोष्टी वेगळ्या असतात. एक, ते पेशीत ग्लिसरॉल साठवून बाहेरची ओढ तोलून धरतं. दुसरी फारशी कुणी सांगत नाही: साखरेचे तुकडे करणारं इन्व्हर्टेज हे एन्झाइम त्याच्यात कमी असतं. साध्या यीस्टमध्ये ते भरपूर असल्यामुळे साखरेच्या एका रेणूचे भराभर दोन होतात, आणि पिठातली ओढ आणखी वाढते. गोड पिठाचं यीस्ट हे काम सावकाश करतं.

सॅफ-इन्स्टंट गोल्ड हे लेसाफ्र या फ्रेंच कंपनीचं असंच यीस्ट. त्याच घराण्यातलं लाल पाकीट साध्या ब्रेडसाठी, सोनेरी गोड पिठासाठी. दाणे बारीक असतात, आधी भिजवायची गरज नाही, थेट मैद्यात मिसळायचं. एकच पथ्य: कोरड्या दाण्यांवर फ्रिजमधलं थंडगार दूध ओतू नका. फार थंड पाण्यात भिजताना पेशींतून ग्लुटाथिओन पाझरतं, आणि ते ग्लुटेनला, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनांच्या जाळ्याला, सैल करतं. पीठ चिकट, ढिलं होतं आणि मळून मळून सावरत नाही. दूध कोमट, ३० ते ३५ अंशांचं हवं.

फरक किती पडतो? वरच्या प्रमाणाच्या पिठात, २६-२७ अंशांना, गोल्डने पीठ दोन तासांच्या आसपास दुप्पट होतं. तेवढंच लाल यीस्ट घातलं तर तीन-साडेतीन तास सहज जातात, आणि वेणी घातल्यानंतरची दुसरी फुगवणही तशीच रखडते. या खोळंब्याने नुसता वेळ जात नाही. ऊबदार स्वयंपाकघरात पीठ जितका जास्त वेळ पडून राहतं, तितकं लोणी मऊ होऊन बाहेर यायला लागतं आणि पेड तेलकट होतात. लाल यीस्ट तिसऱ्या हिश्श्याने वाढवून वेळ भरून काढता येतो, पण मग माहलेपी आणि मस्तिहा या त्सुरेकीतल्या सुगंधी मसाल्यांच्या नाजूक वासावर यीस्टचा उग्र वास चढतो. त्सुरेकीत ते चालत नाही. लालच हाताशी असेल तर त्यापेक्षा जुनी रीत बरी: १०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कोमट दूध आणि सगळं यीस्ट एकत्र करून, साखर न घालता, पाऊण तास फसफसू द्यायचं आणि मग बाकीचं पीठ मळायचं. गोल्ड असेल तर ही पायरी सरळ गाळा.

एका घाण्याचं माप असं: जास्त प्रथिनांचा मैदा ५०० ग्रॅम (१२ ते १३ टक्के प्रथिनं असलेला), साखर १३० ग्रॅम, कवच काढून १५० ग्रॅम भरतील अशी ३ अंडी, दूध १२० ग्रॅम, मऊ लोणी ९० ग्रॅम, गोल्ड यीस्ट ९ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, माहलेपीची पूड दीड छोटा चमचा, मस्तिहा १ ग्रॅम, एका संत्र्याची किसलेली साल. ज्यांच्या घरच्या कृतीत २५ ग्रॅम ताजं यीस्ट लिहिलंय, त्यांनी त्या जागी हेच ८ ते ९ ग्रॅम घ्यावं.

माहलेपी म्हणजे एका रानटी चेरीच्या बीमधला गर. तो अख्खा घ्यावा आणि आयत्या वेळी कुटावा, तयार पूड लवकर खवट होते. मस्तिहा हा खिओस बेटाच्या दक्षिण भागातल्या झाडांचा डिंक. तो नुसता कुटायला गेलात तर खलबत्त्याला चिकटून बसतो. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि चमचाभर साखरेबरोबर कुटा, लगेच पूड होते. १ ग्रॅमपेक्षा जास्त मात्र नको, ब्रेडला कडवट, औषधी चव येते.

इथपर्यंत यीस्टचं कौतुक झालं. आता ते काय करू शकत नाही तेही स्पष्ट सांगायला हवं, कारण गोल्ड आणूनही त्सुरेकी बिघडल्याच्या तक्रारी येतातच. त्सुरेकीची खरी ओळख तिचे दोरे. तुकडा ओढला की पदर उलगडावेत तसे लांब, ओलसर धागे सुटले पाहिजेत. हे धागे यीस्ट बनवत नाही, ते मळण्यातून येतात. साखर मैद्याच्या वाट्याचं पाणी पळवते, लोणी प्रथिनांवर थर चढवतं, आणि दोघं मिळून ग्लुटेन जुळू देत नाहीत. म्हणून क्रम पाळायचा. आधी मैदा, यीस्ट, अंडी, दूध आणि साखरेचा फक्त तिसरा हिस्सा घेऊन पाच मिनिटं मळा. उरलेली साखर दोन वेळा करून घाला. दर वेळी पीठ आधी ओघळल्यासारखं ढिलं होईल आणि मग पुन्हा गोळा होईल. या टप्प्यावर घाबरून मैदा वाढवला तर खेळ संपला, ब्रेड कोरडाच होणार. मग मीठ, माहलेपी, मस्तिहा, साल. लोणी सगळ्यात शेवटी, चमचा चमचा, मऊ पण न वितळलेलं. मिक्सर-मशीनवर एकूण १५ ते १८ मिनिटं, हाताने अर्धा तास धरा. लिंबाएवढा गोळा बोटांवर ताणून उजेडासमोर धरा: पलीकडची बोटं दिसतील इतका पातळ पडदा न फाटता ताणला गेला की झालं. पडदा कडेला खडबडीत फाटला तर आणखी तीन मिनिटं.

मशीनवर मळताना पीठ तापतं. २८ अंशांच्या वर गेलं की थांबा, भांडं दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि पुढे चला. बऱ्याच ग्रीक घरांत दूध, लोणी, साखर एकत्र गरम करून विरघळवतात. त्या रीतीने करणार असाल तर मिश्रण ४० अंशांच्या खाली येईपर्यंत यीस्टच्या जवळ नेऊ नका. यीस्ट साखर सोसणारं आहे, चटके सोसणारं नाही.

दुप्पट झालेल्या पिठाचे सहा सारखे भाग करा, प्रत्येकी साधारण १६५ ग्रॅम. त्यात दोन वेण्या बसतात. डोळ्यांच्या अंदाजाने नको, वजन करा, नाहीतर एक पेड जाड निघतो आणि वेणी भाजताना त्या बाजूला वळते. पेड ३५-४० सेंटिमीटर लांब, टोकांना निमुळते. वळताना मागे आखडू लागले की ओढाताण करू नका, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग आपोआप ऐकतात. वेणी सैल घाला. केसांची घालतो तशी आवळून घातलेली वेणी ओव्हनमध्ये फुगायला जागा शोधते आणि शिवणीवर फाटते. मग एक ते दीड तास दुसरी फुगवण. बोटाने हलकेच दाबलं की खळगा सावकाश, अर्धवट भरून आला पाहिजे. लगेच भरला तर थांबा. मुळीच भरला नाही तर उशीर झालाय: पेड एकमेकांत मिसळतील आणि वेणीची नक्षी पुसली जाईल. गोल्डच्या बाबतीत इथेच सावध राहायला हवं. जुन्या सवयीने तीन तासांचा हिशेब धरून बाहेर गेलात तर परत येईपर्यंत वेणी बसलेली असेल.

लाल अंडं ओव्हनमध्ये सारायच्या अगदी आधी दोन पेडांच्या मध्ये खोचा. एक बलक, एक मोठा चमचा दूध आणि चिमूटभर मीठ फेटून वेणीवर दोनदा फिरवा, मध्ये पाच मिनिटं सोडून. ब्रश अंड्याला लागू देऊ नका, रंग उतरून ब्रेडवर गुलाबी ओघळ येतात. वरून बदामाचे काप किंवा तीळ. १७० अंश, पंखा बंद, ३० ते ३५ मिनिटं. पंखा चालू असेल तर १५५. साखर एवढी असल्यामुळे रंग विसाव्या मिनिटालाच भरतो आणि झालं असं वाटतं. आत तेव्हा कच्चंच असतं. फॉइल अलगद वर ठेवा आणि पुढे भाजा. जाड भागात थर्मामीटर ८८ ते ९० अंश दाखवेल तेव्हा काढा.

गोल्डबद्दल खरी तक्रार एकच, पाकिटाचा आकार. ५०० ग्रॅमची निर्वात वीट म्हणजे वरच्या मापाने ५५ घाणे, आणि वर्षातून एकदा ईस्टरला करणाऱ्याला ती डोईजड आहे. पण फोडल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीझरमध्ये ठेवली तर अनेक महिने टिकते, आणि साध्या ब्रेडलाही चालते, फक्त फुगायला थोडी जास्त वेळ घेते. दोन-तीन घरांनी मिळून एक वीट वाटून घेणं सगळ्यात सोयीचं. गेल्या ईस्टरची बरणी उरली असेल तर मैदा मोजायच्या आधी १०० ग्रॅम कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट टाकून बघा. दहा मिनिटांत वर जाड फेस आला तर वापरा, नुसते चार बुडबुडे दिसले तर नवीन फोडा.